येतो म्हण

देवेंद्रनं तिचं एक बोट खिशावरून सोडवलं, मग दुसरं सोडवलं. तिसऱ्याला हात घालेपर्यंत पहिलं परत आपल्या जागी येऊन बसलं होतं. या ओढाताणीत खिशातलं पेन खाली पडलं. रश्मी मॅडमनी ते उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं, कारण ते घ्यायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता.

"स्वानंदी, बेटा, अंदर झूला है. देखो तो सही," मॅडम म्हणाल्या.

स्वानंदीनं झोपाळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सहा वर्षांची पोर, फुंकर मारली तर उडेल अशी. पण बापाच्या शर्टाला अशी चिकटली होती की पाहणाऱ्याला त्या शर्टाचीच दया यावी. नव्या निळ्या फ्रॉकचा पट्टा सुटून लोंबत होता. पोरं सोडायला आलेल्या बायका फाटकाशी थांबून बघत होत्या, आणि आपण बघत नाही असंही दाखवत होत्या.

"सोड ना बेटा," देवेंद्र म्हणाला. "मी येतो ना. शाळा सुटली का येतो. खरंच येतो."

तिनं आणखी मोठा सूर काढला.

रश्मी मॅडम वाईट नव्हत्या. पण पहिलीचा वर्ग म्हणजे साथीच्या रोगासारखं असतं, एक रडलं की पाठोपाठ सगळी सुरू होतात, आणि आत दोघा-तिघांनी सुरुवात केलीच होती. त्यांनी पेन देवेंद्रच्या खिशात खोचलं.

"आज ले जाइए, भैया. शनिवार तक और देख लेते हैं. नहीं जमा तो अगले साल ले आना. बच्ची छोटी है अभी."

"जी," देवेंद्र म्हणाला.

त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि वैशाली नगरच्या त्या दोन गल्ल्या तुडवत घराकडे निघाला. कोपरा वळेपर्यंत तिचं रडं आटोपलं होतं. घरी पोचल्यावर तिनं बूट काढून भिंतीशी जोडीनं लावले आणि आजीला जाऊन सांगितलं की भूक लगी है. ज्या डब्यातलं खायचं होतं तो डबा दप्तरात तसाच होता. तोच उघडून ती पायरीवर खात बसली.

स्वानंदीची आई मीनल गेली ती फेब्रुवारीत. पित्ताशयात खडे झाले होते. ऑपरेशन साधं, दोन दिवसांत घरी, असं सगळेच म्हणत होते आणि तसंच व्हायचं होतं. मग ताप आला, मग रक्तात जंतू पसरले, मग काचेच्या दाराआडची खोली. चूक कुणाचीच नव्हती. असती तर निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं.

तेव्हापासून देवेंद्र सगळं करत होता आणि त्याला काहीच जाणवत नव्हतं. तो कामाला होता त्या पोलादाच्या प्लांटमध्ये जाड हातमोजे घालून माणूस वस्तू धरतो. पडू देत नाही, पण ती गरम की गार हे हाताला कळत नाही. त्याचं तसं चाललं होतं. ड्यूटी, गॅसचा नंबर, पोरीचा गणवेश, सगळं त्याच्या हातून वेळच्या वेळी होत होतं. तो रडला नव्हता. लोकांनी आधी त्याचं कौतुक केलं, नंतर काळजी केली, नंतर त्यांनाही त्यांची कामं होती.

त्याची आई गयाबाई वरणात मीठ घालायला विसरू लागली होती. देवेंद्र ते वरण भातावर घेऊन मुकाट्यानं जेवायचा. तिच्याही ध्यानात येत नव्हतं, त्याच्याही नाही. घरात ते फक्त स्वानंदीला कळायचं, आणि ती न बोलता डब्यातून चिमूटभर मीठ काढून आपल्या वाटीत टाकायची.

त्या दिवशी जेवताना गयाबाईनं विषय काढला.

"माह्यानं दिवसभर होत नाही रे आता. गुडघे दुखून राहिले. पोरगी शाळेत राहत नसंल तर सिंधूकडं आमगावले ठेव. तिची पोरं हायेत, शाळा घराच्या बाजूलेच हाये. रमून जाईन."

सिंधुताई ही देवेंद्रची थोरली बहीण. तिनं फोनवर कधीच हो म्हणून ठेवलं होतं.

"पाहू," देवेंद्र म्हणाला.

"पाहू म्हंजे?"

"पाहू म्हंजे पाहू, आई. शनिवारपर्यंत मॅडमनं थांबा म्हणलं."

पोर आमगावला गेली की या घरात परत येण्यासारखं काही उरणार नाही, हे त्याला कळत होतं. पण नुसतं कळत होतं. त्यानं मनात हात घालून पाहिला, कुठे दुखतंय का ते चाचपलं, आणि काही लागलं नाही. त्याला भीती वाटली ती त्याचीच.

बुधवारी त्याची फर्स्ट शिफ्ट होती. उजाडायच्या आधीच तो हेल्मेट घेऊन दाराशी आला, तेव्हा गयाबाई नेहमीसारखी उठून बसली होती.

"येतो," तो म्हणाला.

"ये," ती म्हणाली, आणि मगच परत आडवी झाली.

घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, 'येतो' म्हणायचं असतं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. पण गयाबाईचं या बाबतीतलं शास्त्र फारच कडक. तिचा नवरा हिरालाल आमगावकडची धानाची शेती भावाच्या हवाली करून भिलाईला आला आणि प्लांटमध्ये कोक ओव्हनवर लागला. आगीपाशी काम करणाऱ्यानं 'जातो' म्हणून उंबरा ओलांडू नये, हे तिनं तेव्हाच ठरवून टाकलं. हिरालाल दर पाळीला 'येतो' म्हणून गेला आणि दर पाळीला परत आला. रिटायर झाला, नातीचं बारसं जेवला आणि एका रात्री आपल्याच खाटेवर झोपेत गेला. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा? देवेंद्र लहान असताना त्याच्या तोंडून चुकून 'जातो' निघालं की गयाबाई त्याला माघारी बोलवायची, पाटावर बसवायची, गिलासभर पाणी पाजायची आणि "येतो म्हण" म्हणून नव्यानं घराबाहेर काढायची. शाळेची घंटा होऊन गेली तरी बेहत्तर.

त्या दिवशी स्वानंदीला शाळेत पोचवलं ते शेजारच्या दिपालीनं. तिचा मोनू त्याच वर्गात होता. देवेंद्र दुपारी घरी आला, तर पोर अंगणात खडूनं घर आखत बसली होती. डबा रिकामा होता आणि तिच्या मनगटावर मॅडमनी पेनानं काढलेला तारा होता.

"रोई नहीं?" त्यानं कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या दिपालीला विचारलं.

"बिलकुल नहीं, भैया. मोनू का हाथ पकड़ा और चल दी."

"आपने क्या किया?"

"मैं क्या करूँगी? बोली, चलो बच्चों, मैं जा रही हूँ. बस. छुट्टी में लेने गई तो दोनों झूले पे थे."

गुरुवारीही तसंच झालं. गयाबाईचा जीव भांड्यात पडला, पण लेकाला टोमणा मारायचं तिनं सोडलं नाही.

"तुह्यापाशीच नखरे करते. परक्यापाशी पोरं शहाणीच राहतात."

देवेंद्र हसला, म्हणजे हसायच्या जागी त्यानं ओठ हलवले. जिला जगात आता आपल्याशिवाय कुणी नाही, ती आपल्याचपाशी रडते आणि शेजारणीबरोबर हसत जाते, याचं त्याला वाईट वाटायला हवं होतं. तेही नीट वाटलं नाही. जरासं वाटलं.

शुक्रवारी मोनूला ताप आला. देवेंद्रला त्या दिवसापासून सेकंड शिफ्ट होती, म्हणून तोच स्वानंदीला घेऊन निघाला. दोन दिवसांत सवय झाली असेल असा त्याचा हिशोब. वाटेत ती चांगली बोलत होती. झोपाळ्यावर पहिली पाळी कुणाची असते, टीना नावाच्या मुलीच्या बाटलीला नळी कशी आहे, सगळं सांगून झालं. फाटक आलं. देवेंद्रनं दप्तर तिच्या पाठीवर सारखं केलं.

"चल बेटा. येतो मी."

हात सरळ खिशावर गेला, आणि मंगळवारचा सगळा खेळ पुन्हा सुरू झाला.

रश्मी मॅडमनी आतून पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली. देवेंद्रला ती मान हलवणं समजलं. उद्याचा शनिवार कशाला, आजच काय ते ठरलं. त्यानं पोरीला उचललं, पण घरी नेलं नाही. समोरच्या शिंप्याचं दुकान अजून उघडायचं होतं. त्याच्या पायरीवर तिला बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. घंटा झाली. रस्ता रिकामा झाला. जूनचं ऊन इतक्या सकाळीही पायरी तापवत होतं.

"दिपाली आंटीसंगं जातेस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग यायलाही काही तरी लागतं. "मग माह्यासंगं कावून नाही?"

स्वानंदी बुटाचा पट्टा उघडत होती, लावत होती. टर्र, टर्र असा आवाज येत होता.

"सांग ना."

"तुम येतो बोलते हो."

"मग?"

"येतो मत बोलो."

"मग काय म्हणू?"

"जाता हूँ बोलो. दिपाली आंटी जाती हूँ बोलती है, फिर आ जाती है. मोनू के पापा भी जाता हूँ बोलते हैं. वो भी आ जाते हैं."

"अन् येतो म्हणलं तर?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मठ्ठ माणसाला समजावताना मोठी माणसं पाहतात तसं.

"आई येते म्हणली होती ना," ती म्हणाली. मग पट्टा पुन्हा उघडत म्हणाली, "पहले तो जाते बोली थी. आजीने बोला, येतो म्हण. फिर उसने येते बोला."

देवेंद्र ते विसरून गेला होता. विसरला नव्हता, तो त्या वेळी ऑटोत थर्मास आणि चादर ठेवत होता, आणि त्याचं अर्धं लक्ष भाड्याकडे होतं. मीनल दारात उभी होती, एक हात पोटावर दाबून. दुर्गच्या पद्मनाभपुरातली मुलगी, तिचं मराठी या घरापेक्षा जरा इस्त्रीचं. "चला, जाते मी," ती म्हणाली. आणि आतून गयाबाईचा आवाज आला होता, "जातो नको म्हणू बाई. येतो म्हण." मीनलला कळ आली होती, तरी ती हसली. "येते आई, येते. बस?" असं म्हणून ती पायरीवर उभ्या असलेल्या पोरीच्या गालाला हात लावून उतरली होती.

"ते तसं म्हणायचं राहते बेटा," देवेंद्र म्हणाला.

"कावून?"

"म्हंजे... तसं म्हणलं का माणूस..."

काचेच्या त्या दाराशी उभं राहून तोही म्हणाला होता. नर्सनं बाहेर जायला सांगितलं, तेव्हा मीनल डोळे मिटून होती आणि त्यानं वाकून म्हटलं होतं, येतो मी. तो आला होता. चहा घेऊन, औषधं घेऊन, अर्ध्या तासात परत आला होता. त्यानं आपला शब्द पाळला होता. तिनं पाळला नव्हता. त्याला मीनलचा राग आला. इतके दिवस कुठे दडून बसला होता कोण जाणे, तो राग एकदम वर आला.

"पप्पा," स्वानंदी म्हणाली. "झूला खाली है अभी."

"बरं. जाता हूँ."

"ऐसा नहीं. मराठी में. तुम मराठी में येतो बोलते हो ना."

त्याला वाटलं होतं, हिंदीत म्हणून सुटका होईल. प्लांटमध्ये तो दिवसातून दहादा म्हणत असे, चलता हूँ, जाता हूँ, आणि त्यात कधी काही अडकलं नव्हतं. हा शब्द मात्र त्यानं लहानपणापासून तोंडातून निघू दिला नव्हता. निघाला की माघारी यावं लागे, पाणी प्यावं लागे. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. पोर वाट पाहत होती. खिशावरचा हात अजून तिथेच होता.

"जातो," तो म्हणाला.

हात निघाला. आपणहून, पाचही बोटं एकदम.

तिनं त्याच्याकडून पट्टा नीट लावून घेतला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं आणि पलीकडे गेली. फाटकाशी रश्मी मॅडम उभ्या होत्या. पोर त्यांच्याजवळून आत शिरली, तेव्हा त्यांनी आधी तिच्याकडे आणि मग देवेंद्रकडे पाहिलं. शिंपी येऊन "उठिए भैया, दुकान खोलना है" म्हणेपर्यंत तो तिथेच बसून होता. उठला तेव्हा त्याला पायरीचा चटका बसला.

सुटीच्या वेळी तो फाटकाशी सगळ्यांच्या आधी हजर होता. स्वानंदी रांगेतून आली. धावत आली नाही, सावकाश आली. एका वेणीची रिबिन हातात होती.

"देखा?" ती म्हणाली.

"देखा," तो म्हणाला.

मागून रश्मी मॅडम म्हणाल्या, "कल लाइए, भैया. सोमवार को भी."

जेवायला तिघं बसली. देवेंद्रनं पहिला घास घेतला आणि थांबला.

"आई, वरणात मीठ नाही."

गयाबाईनं बोट बुडवून चाखलं. "हाव गा, नाहीच." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. "आजच नाही का?"

"बऱ्याच दिवसांपासून नसंल."

"मग सांगाचं नाही का रे!"

स्वानंदीनं मिठाचा डबा मधे सरकवला.

सेकंड शिफ्टची वेळ झाली. देवेंद्रनं बूट घातले, हेल्मेट घेतलं, स्कूटर फाटकाबाहेर काढून ठेवली आणि परत दाराशी आला. तसाच निघून गेला असता तर चाललं असतं, नुसता हात हलवून. पण स्वानंदी दारात येऊन उभी राहिली होती, आणि तिच्यामागे गयाबाई. पोरीचा हात त्याच्या खिशाच्या दिशेनं अर्धवट उठला होता. त्यानं आईकडे पाहायचं टाळलं.

"जातो," तो म्हणाला.

"काय म्हणलं?" गयाबाई एकदम पुढे आली. "प्लांटले निघाला अन् काय म्हणून राहिला? ये माघारी. बस. पाणी पे."

ती आत वळलीसुद्धा. माठावरच्या गिलासाचा आवाज आला. ती पाणी घेऊन आली, तर स्वानंदी उंबऱ्यावर आडवी उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

"आजी, पप्पाले जातो म्हणू दे."

"असं म्हणू नाही बाई. येतो म्हणाव."

"येतो म्हणलं तर येत नाही," स्वानंदी म्हणाली. "आईनं जाते म्हणलं होतं. तू येतो म्हण म्हणलं."

पोरीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वरणात मीठ नाही हे सांगावं, तसं तिनं सांगितलं.

गयाबाई गिलास धरून उभी राहिली. तिची नजर दाराबाहेरच्या पायरीवर गेली, मग फाटकाबाहेर, जिथे तेव्हा ऑटो लागला होता. देवेंद्रला वाटलं, आता काहीतरी बोलावं, आई, तसं काही नाही, लहान आहे ती. पण त्यानं काही बोलण्याआधीच गयाबाईनं गिलास तोंडाला लावला आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं. सगळं.

"जा," ती म्हणाली. "जा बापा."

देवेंद्रनं स्कूटर चालू केली. गल्लीच्या टोकाशी त्याला मागे पाहायची सवय होती. फेब्रुवारीपासून तो दिवसा निघाला की स्वानंदी फाटकाच्या गजांना धरून उभी राहायची; तो दिसेनासा झाल्यावरही तिथेच असते, असं दिपालीनं त्याला कधीतरी सांगितलं होतं. आजही त्यानं टोकाशी स्कूटर थांबवून मागे पाहिलं.

पोर नव्हती. ती आत खेळायला निघून गेली होती. फाटकाच्या गजांना धरून गयाबाई एकटी उभी होती, रिकामा गिलास हातात तसाच.